हार्ड डिस्कच्या बॅकअपसाठी मोफत सॉफ्टवेअर निवडताना आधी रिस्टोअर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, आत ५१२ जीबीची एसएसडी, त्यातली साधारण निम्मी भरलेली, हाताशी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे आणि सगळ्या डिस्कचा बॅकअप फुकटात घ्यायचाय, पाच-सहा नावं ऐकलीत पण कुठलं घ्यावं ते ठरत नाहीये. उत्तर आधी देऊन टाकतो. रोजच्या आपोआप बॅकअपसाठी व्हीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लावा आणि जोडीला रेस्क्यूझिला या विंडोजशिवाय चालणाऱ्या साधनाचा एक पेनड्राइव्ह करून ठेवा, त्याने दोन-तीन महिन्यांतून एकदा वेगळी पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलमध्ये बसवलेली प्रत, काढायची. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, पण कारणं वाचलीत तर उद्या यातलं एखादं बंद पडलं किंवा मोफत राहिलं नाही तर दुसरं तुमचं तुम्हाला निवडता येईल, आणि असं होतं, खाली सांगतो.

मी बरीच वर्षं लोकांच्या मशीनवर बॅकअप लावून देतोय आणि त्याहून जास्त वेळा बंद पडलेली मशीन परत उभी केलीत. त्यातून पक्कं झालेलं मत एकच आहे, सॉफ्टवेअर निवडताना बॅकअपची बाजू नाही, रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत मशीनवर आणण्याची, बाजू बघायची. बहुतेक लोक स्क्रीन छान दिसते का, किती वेगाने होतं, किती फीचर आहेत हे बघून निवडतात. बॅकअप तर सगळीच सॉफ्टवेअर घेतात हो. प्रश्न त्या दिवशीचा असतो जेव्हा लॅपटॉप चालू केला आणि डिस्क सापडत नाही असा मेसेज आला. त्या दिवशी विंडोज नसतं, बॅकअपचं सॉफ्टवेअर ज्या डिस्कवर इन्स्टॉल केलं होतं तीच गेलेली असते, कदाचित नेटही नसतं, आणि तुम्ही घाईत असता. अशा वेळी नवी कोरी डिस्क लावून, फक्त एक पेनड्राइव्ह आणि एक एक्स्टर्नल डिस्क एवढ्यावर सगळं परत येतं का? ज्या सॉफ्टवेअरबद्दल या प्रश्नाला स्पष्ट हो म्हणता येत नाही ते कितीही छान असलं तरी मी सिस्टीमच्या बॅकअपसाठी वापरत नाही.

म्हणून इन्स्टॉल केल्यावर पहिलं काम बॅकअप घेणं नाही, बूट होणारा, म्हणजे विंडोजशिवाय त्यावरूनच मशीन चालू करता येईल असा, रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवणं. जवळपास प्रत्येक इमेज सॉफ्टवेअरमध्ये रिकव्हरी मीडिया किंवा रेस्क्यू मीडिया नावाने हा पर्याय असतो. आणि बनवून कपाटात टाकायचा नाही, लगेच त्यावरून लॅपटॉप चालू करून बघायचा. यात एक नेहमीची अडचण येते ती आधीच सांगून ठेवतो, इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी सोय चालू असते, आणि रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, नसेल तर पेनड्राइव्ह व्यवस्थित बूट होतो पण आतली एसएसडी दिसतच नाही. लोक घाबरतात की डिस्क मेली. मेलेली नसते, फक्त इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर हवा असतो. हे आज कळलं तर पाच मिनिटांचं काम आहे, आणीबाणीच्या दिवशी कळलं तर अख्खा दिवस जातो. व्हीम मला आवडतं त्याचं एक कारण हेच की रिकव्हरी मीडिया बनवताना ते चालू मशीनचे ड्रायव्हर स्वतःच आत घालण्याचा पर्याय देतं.

आता तुम्हाला नक्की काय हवंय ते. पूर्ण डिस्कचा बॅकअप म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. क्लोन म्हणजे एका डिस्कची जशीच्या तशी दुसरी डिस्क, डिस्क बदलायची असेल, म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची असेल, तर क्लोन बरोबर. पण बॅकअप म्हणून क्लोन वाईट, कारण एक्स्टर्नल डिस्क पूर्ण त्यातच जाते, एकच तारीख राहते आणि पुन्हा क्लोन केला की आधीची तारीख पुसली जाते. शिवाय मूळ डिस्क आणि क्लोन दोन्ही लावून मशीन चालू केलं तर दोघांची ओळख एकच असल्यामुळे विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन करतं. इमेज म्हणजे अख्खी डिस्क, विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, फाइल्स, सगळं कॉम्प्रेस होऊन एका फाइलमध्ये किंवा काही फाइल्समध्ये बसतं, रिकामी जागा घेतली जात नाही, आणि एकाच एक्स्टर्नल डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या इमेज राहतात. तुम्हाला हवीये ती ही. तिसरा प्रकार फक्त फाइल्सचा बॅकअप, त्यात विंडोज परत येत नाही पण फोटो, कागदपत्रं, हिशेब परत येतात, आणि खरं सांगायचं तर ज्याची भरपाई होत नाही ते सगळं याच प्रकारात असतं. विंडोज पुन्हा टाकता येतं.

इमेज घेताना फक्त सी ड्राइव्ह निवडू नका. यूईएफआयच्या, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीच्या, मशीनमध्ये सी च्या आधी एक छोटं ईएफआय सिस्टीम पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असतं, ते एक्सप्लोररमध्ये दिसत नाही पण बूट त्याच्यावरूनच होतं, आणि शेवटी एखादं रिकव्हरी पार्टिशनही असतं. फक्त सी घेतलेली इमेज नव्या कोऱ्या डिस्कवर टाकली की सगळ्या फाइल्स येतात पण मशीन बूट होत नाही, मग बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम, दुरुस्त करत बसावं लागतं. तेव्हा एंटायर कॉम्प्युटर किंवा होल डिस्क असा पर्याय घ्या, आणि व्हीममध्ये तो पहिलाच आहे.

विंडोज चालू असताना इमेज कशी घेता येते, फाइल्स तर सतत बदलत असतात, असं पुष्कळ जण विचारतात. विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सोय आहे, ती एका क्षणाची स्थिती धरून ठेवते आणि सॉफ्टवेअर त्या धरलेल्या स्थितीची कॉपी करतं, तुमचं काम चालूच राहतं. विंडोजच्या आतून इमेज घेणारी बहुतेक सॉफ्टवेअर हीच सोय वापरतात, म्हणून ही सर्व्हिस बंद असेल किंवा डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर टाका, जवळपास तीच एरर येत राहते आणि लोक उगाच सॉफ्टवेअर बदलत बसतात.

दुसरी निवडीची गोष्ट म्हणजे इन्क्रिमेंटल बॅकअप आहे का. पहिल्यांदा पूर्ण इमेज, त्यानंतर फक्त बदललेला भाग. हे नसेल तर रोज २०० जीबी कॉपी होणार, मग आठवड्याभरात कंटाळून तुम्ही ते बंद करणार, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता इन्क्रिमेंटल नसलेलं काही मी रोजच्या कामाला सुचवतच नाही. पण याची दुसरी बाजूही माहीत असू द्या, इन्क्रिमेंटलची साखळी असते, मधली एक फाइल खराब झाली की तिच्या पुढच्या सगळ्या तारखा गेल्या. म्हणून एकच लांब साखळी वर्षभर चालवायची नाही, आणि म्हणूनच वर म्हटलं की दोन-तीन महिन्यांनी रेस्क्यूझिलाने एक सुटी पूर्ण इमेज काढा, तिचा या साखळीशी काही संबंध नसतो आणि सॉफ्टवेअरही वेगळं, एकाचा बग दुसऱ्याला लागत नाही. डिफरन्शियल नावाचा मधला प्रकार काही सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्यात प्रत्येक वेळी पहिल्या पूर्ण इमेजनंतर बदललेलं सगळं येतं, जागा जास्त खातो पण रिस्टोअरला दोनच फाइल्स लागतात. मिळाला तर चांगलाच.

आता नावांकडे येतो.

व्हीम ही कंपनी मुळात ऑफिसांच्या सर्व्हरचे बॅकअप करणारी, तिची विंडोजसाठीची एजंटची आवृत्ती एका मशीनसाठी मोफत वापरता येते. पूर्ण कॉम्प्युटर, ठरावीक पार्टिशन किंवा ठरावीक फोल्डर असे तिन्ही प्रकार, इन्क्रिमेंटल, वेळापत्रक, जुने बॅकअप आपोआप काढून टाकणं, इमेज उघडून त्यातली एकच फाइल बाहेर काढणं, हे सगळं आहे. जुन्यात जुनी इन्क्रिमेंटल ते हळूहळू पूर्ण फाइलमध्ये मिसळत जातं त्यामुळे डिस्क भरून थांबण्याचा त्रास कमी. दोन गोष्टी मात्र लॅपटॉपवाल्यांसाठी फार कामाच्या आहेत. एक्स्टर्नल डिस्क जोडली की बॅकअप आपोआप सुरू होईल असं लावता येतं, आणि बॅकअप संपला की डिस्क इजेक्ट करून टाक असंही सांगता येतं. म्हणजे तुम्ही फक्त डिस्क जोडायची आणि संपल्यावर काढून ठेवायची. तोटा म्हणायचा तर मोफत आवृत्तीत एकच जॉब लावता येतो, आणि शब्द थोडे ऑफिसछाप आहेत, रिटेन्शन (बॅकअप किती दिवस ठेवायचे), रिपॉझिटरी (ते कुठे ठेवायचे) वगैरे, पहिल्या अर्ध्या तासात बावरायला होतं, नंतर काही नाही.

क्लोनझिला पूर्ण ओपन सोर्स आहे, तैवानच्या राष्ट्रीय हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग केंद्रातल्या लोकांनी बनवलेलं. पेनड्राइव्हवरून बूट होतं, विंडोजशी त्याला देणंघेणं नाही, लिनक्सच्या डिस्कही घेतं, आणि एकदा जमलं की दगडासारखं भरवशाचं. पण मेनू सगळा अक्षरांचा, आणि चुकीची डिस्क निवडली तर क्षणात सगळं पुसलं जातं. डिस्कची नावं एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई अशी येतात, तेव्हा नावावर जाऊ नका, आकार आणि मॉडेल वाचा, आणि ज्यांची गरज नाही त्या सगळ्या यूएसबी डिस्क आधीच काढून टाका. इन्क्रिमेंटल त्यात नाही, चालू विंडोजवर चालत नाही, आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर सरळ रिस्टोअर होत नाही. रेस्क्यूझिला म्हणजे तीच ताकद पण माउसने चालणाऱ्या सोप्या स्क्रीनवर, क्लोनझिलाच्या इमेजही ते वाचतं, आणि इमेज उघडून आतली फाइल काढायची सोयही दिलीये. नवख्या माणसाने सरळ रेस्क्यूझिला घ्यावं.

या दोन्हींसाठी एक अट, विंडोज नीट बंद झालेलं पाहिजे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावरही ते अर्धवट झोपलेलंच असतं आणि पार्टिशन अडकलेल्या स्थितीत राहतं, मग क्लोनझिला एनटीएफएसबद्दल, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धतीबद्दल, तक्रार करून थांबतं. शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा, किंवा रीस्टार्ट करून तिथूनच पेनड्राइव्हवर बूट व्हा, काम होतं.

मॅक्रियम रिफ्लेक्टचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, जुन्या सगळ्या लेखांत पहिलं तेच असतं, आणि ते होतंही तितकं चांगलं. पण त्याची मोफत आवृत्ती बंद झाली, १ जानेवारी २०२४ नंतर तिला सिक्युरिटीचे पॅचही मिळत नाहीत. कुठून तरी जुनी फाइल शोधून टाकू नका. डिस्कच्या इतक्या आतपर्यंत हात असलेलं सॉफ्टवेअर पॅचशिवाय चालवणं मला योग्य वाटत नाही, आणि अशा जुन्या फाइल्स देणाऱ्या जागांवर तर मुळीच विश्वास नाही.

मग एओएमईआय बॅकअपर, ईझयूएस टोडू बॅकअप, मिनीटूल शॅडोमेकर, हॅस्लिओ बॅकअप सूट ही मंडळी. ही वापरायला सोपी आहेत, स्क्रीन समजायला सोपी, मोफत आवृत्तीत इमेज घेणं आणि परत टाकणं जमतं. अडचण अशी की यातल्या बऱ्याच कंपन्यांचा धंदा पैसेवाल्या आवृत्तीवर चालतो, त्यामुळे मोफत आवृत्तीतून एकेक गोष्ट कमी होत जाते, आज असलेला पर्याय पुढच्या अपडेटमध्ये कुलूप लावलेला दिसतो, विशेषतः विंडोज असलेल्या डिस्कचा क्लोन आणि वेगळ्या हार्डवेअरवर रिस्टोअर. म्हणून यातलं काही निवडायचं असेल तर त्यांच्या तुलनेच्या तक्त्यात बॅकअपच्या ओळी वाचू नका, रिस्टोअर, बूटेबल मीडिया आणि व्हेरिफाय (इमेज नीट आहे ना ते तपासणं) या ओळी वाचा. आणि कुठल्याही अनोळखी डाउनलोड साइटवरून नाही, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. एका ग्राहकाकडे मी असं सॉफ्टवेअर बघितलंय, कंपनीचं नाव घेत नाही, ज्यात बॅकअप मोफत होता आणि रिस्टोअरचं बटण दाबलं की लायसन्स विकत घ्या असं यायचं. कंपनीने ते कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे, पण रडकुंडीला आलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग, म्हणूनच म्हणतो की पहिल्याच आठवड्यात एक फाइल परत आणून बघा.

एक पर्याय लोक विसरतात. डब्ल्यूडी, सीगेट, क्रुशल अशा कंपन्यांची डिस्क असेल तर त्यांच्या साइटवर अॅक्रोनिस या बॅकअप आणि क्लोनच्या सॉफ्टवेअरची खास आवृत्ती मोफत मिळू शकते, अट एवढीच की त्या कंपनीची डिस्क मशीनला जोडलेली हवी. नवी एसएसडी टाकताना एकदाच क्लोन करायचा असेल तर यासारखं सोपं काही नाही. सॅमसंगचंही स्वतःच्या एसएसडीसाठी वेगळं डेटा मायग्रेशन आहे. पण कायमच्या बॅकअपची मदार मी यावर ठेवत नाही, कारण उद्या डिस्क दुसऱ्या कंपनीची घेतली की प्रश्न आला.

विंडोजमध्येच असलेलं का नको? कंट्रोल पॅनेलमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर, पुढे कंसात विंडोज ७ असं अजून दिसतं आणि त्यातून सिस्टीम इमेजही काढता येते. पण मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मध्ये ही सोय जुनी झाली असं जाहीर करून दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर वापरा म्हणून सांगितलंय. चालली तर चालते, नाही चालली तर एररचा फक्त आकडा मिळतो आणि लहान डिस्कवर रिस्टोअर होत नाही. फाइल हिस्टरी मात्र चांगली आहे, विंडोज ८ पासून आहे, डेस्कटॉप, डॉक्युमेंट, फोटो अशा ठरावीक फोल्डरच्या जुन्या आवृत्त्या ती एक्स्टर्नल डिस्कवर ठेवत जाते, चुकून फाइलवर सेव्ह केलं तर कालची परत मिळते. ती इमेजची जागा घेत नाही पण सोबत चालू ठेवायला हरकत काहीच नाही. आणि विंडोज बॅकअप नावाचं जे नवं अॅप आलंय ते प्रामुख्याने सेटिंग आणि फोल्डर वनड्राइव्हवर पाठवतं, जिथे मोफत जागा ५ जीबी, त्यामुळे डिस्कचा बॅकअप म्हणून ते धरूच नका.

वनड्राइव्ह असो, गूगल ड्राइव्ह असो, सिंक म्हणजे बॅकअप नाही. इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं, इथे फाइल खराब झाली की खराब झालेलीच वर जाते. रिसायकल बिन आणि जुन्या आवृत्त्या काही दिवस वाचवतात, पण त्याला मुदत असते. हाच मुद्दा फोल्डरची कॉपी करणाऱ्या फ्रीफाइलसिंकला आणि विंडोजच्या आतल्याच रोबोकॉपी कमांडलाही लागू, दोन्ही उत्तम आहेत, पण मिरर पर्यायाने चालवलं तर मूळ फोल्डरमधून जे गेलं ते कॉपीतूनही जातं, आणि मूळ व कॉपी उलटसुलट दिली तर रिकाम्या फोल्डरची कॉपी होऊन भरलेला रिकामा होतो. फ्रीफाइलसिंकमध्ये व्हर्जनिंगचा पर्याय आहे, पुसलेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये तारीख लावून ठेवतं, तो चालू करूनच वापरा.

फाइल्सच्या बॅकअपसाठी खरी ताकदवान मोफत साधनं म्हणजे डुप्लिकाटी, कोपिया, रेस्टिक आणि लिनक्सवाल्यांचं बोर्ग. यातलं कोपिया आणि डुप्लिकाटी माउसने चालवता येतात, रेस्टिक कमांडचं आहे. ही सगळी फाइलचे तुकडे करून एकच तुकडा दोनदा ठेवत नाहीत, त्यामुळे रोज बॅकअप घेतला तरी जागा थोडीच लागते, आणि एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करून, ठेवतात त्यामुळे दुसऱ्याच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर ठेवायलाही भीती नाही. मात्र पासवर्ड हरवला तर फाइल्स कायमच्या गेल्या, कोणीही काढून देऊ शकत नाही, तेव्हा तो कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवा.

मॅकवाल्यांनी फार शोधत बसू नये, टाइम मशीन २००७ पासून सिस्टीममध्येच आहे, गेल्या २४ तासांचे तासातासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं, फक्त डिस्क मॅकच्या निदान दुप्पट क्षमतेची घ्या. लिनक्सवर टाइमशिफ्ट सिस्टीमसाठी चांगलं, पण होम फोल्डर ते सुरुवातीच्या सेटिंगमध्ये घेत नाही, हे न बघता लोक निर्धास्त राहतात. होमसाठी देजा डुप, बॅक इन टाइम किंवा बोर्ग वेगळं लावा.

आता तुमच्या १ टीबीच्या डिस्कबद्दल. विंडोजमध्ये ती ९३१ जीबीच्या आसपास दिसेल, ते बरोबर आहे, डिस्क कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. तुमचा डेटा २५० च्या आसपास धरला तर पूर्ण इमेज दीडशे ते अडीचशे जीबीपर्यंत कुठेही असू शकते, फोटो आणि व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस असतात त्यामुळे ते जास्त असतील तर फारसा फरक पडत नाही. एक व्हीमची साखळी आणि दोन सुट्या इमेज आरामात बसतील. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या. एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही आणि बॅकअप मध्येच थांबतो. एक्सफॅट चालतं पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, नसतं, कॉपी चालू असताना केबल निघाली तर नुकसान मोठं होऊ शकतं, आणि फक्त विंडोजलाच लावायची असेल तर एनटीएफएस सोडून दुसरं कशाला.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची, हे मात्र मी हट्टाने सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पसरलं तेव्हा त्याने फाइल्स तर कुलूपबंद केल्याच, पण विंडोजच्या शॅडो कॉपीही पुसून टाकल्या, म्हणजे मशीनच्या आतला सुटकेचा रस्ताच बंद. आजचं रॅन्समवेअरही जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर जातं, आणि चोवीस तास लावून ठेवलेली बॅकअप डिस्क त्याला सी ड्राइव्हसारखीच. वीज कमी-जास्त झाली किंवा लॅपटॉप धक्का लागून पडला तरी तेच. त्याहून एक पाऊल पुढे जायचं तर ३-२-१ चा नियम, पीटर क्रॉग नावाच्या फोटोग्राफरने रूढ केलेला, डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. तुमच्याकडे सध्या दोन प्रती होतील, मूळ आणि एक्स्टर्नल, आणि लॅपटॉपच्याच बॅगेत एक्स्टर्नल डिस्क ठेवली तर बॅग हरवली की दोन्ही गेल्या. सगळी इमेज दुसरीकडे ठेवणं अवघड वाटत असेल तर निदान ज्याची भरपाई नाही ते फोल्डर कोपियाने एन्क्रिप्ट करून कुठल्या तरी क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडच्या डिस्कवर ठेवा.

विंडोज ११ मध्ये अजून एक गोष्ट तपासा, ती म्हणजे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, विंडोजची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट ठेवणारी सोय. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे आपोआप चालू असतं आणि वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. याची ४८ आकडी रिकव्हरी की असते, साधारणपणे मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली. ती आजच शोधून कागदावर लिहा किंवा प्रिंट काढा, कारण मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं किंवा काही वेळा इमेज परत टाकली तरी मशीन ती की मागतं. ती की त्याच लॅपटॉपवर फाइलमध्ये ठेवणं म्हणजे चावी आत विसरून दार ओढून घेणं. शिवाय चालू विंडोजमधून घेतलेली इमेज ही उघडलेल्या डिस्कची असते, म्हणजे इमेजमध्ये तुमचा डेटा एन्क्रिप्ट नसतो, तेव्हा व्हीममध्ये बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड लावा. आणि पेनड्राइव्हवरून बूट होणाऱ्या साधनाला बंद बिटलॉकर पार्टिशनमध्ये रिकामी जागा कुठली आणि भरलेली कुठली हे बाहेरून कळत नाही, मग ते सगळे सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, कॉपी करतं आणि ५१२ ची इमेज जवळपास ५१२ चीच होते. रेस्क्यूझिलाची इमेज अचानक प्रचंड मोठी झाली तर कारण बहुतेक हेच.

चाचणीचं सांगतो, यात कंटाळा करू नका. बॅकअप यशस्वी असा हिरवा मेसेज म्हणजे फाइल लिहिली गेली एवढंच. पहिल्या आठवड्यात इमेजमधून दोन-चार फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये काढून उघडून बघा, एक मोठा व्हिडिओ आणि एक जुनी एक्सेल फाइल नक्की घ्या. मग रिकव्हरी पेनड्राइव्हवरून बूट होऊन रिस्टोअरच्या स्क्रीनपर्यंत जा, आतली एसएसडी दिसते का, एक्स्टर्नल डिस्क दिसते का, इमेजची तारीख दिसते का, पासवर्ड घेतो का, एवढं बघून शेवटच्या बटणाआधी रद्द करा. एखादी जुनी रिकामी डिस्क पडून असेल तर तिच्यावर खरोखर रिस्टोअर करून बघा, त्याच्याइतकी खात्री दुसऱ्या कशाने येत नाही. विंडोजचं मोठं अपडेट यायच्या आधी आणि नंतरही पेनड्राइव्ह एकदा तपासावा.

हे सगळं डिस्क धडधाकट असतानाचं. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा, तेही मोफत आहे. पिवळा किंवा लाल रंग दिसला, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब झालेल्या किंवा वाचायला अडणाऱ्या सेक्टरचे, आकडे वाढत असतील तर इमेज-बिमेज बाजूला ठेवा, आधी महत्त्वाच्या फाइल्स हाताने दुसरीकडे कॉपी करा. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला ते सगळी वाचायला लावतं आणि वर दुरुस्तीच्या नावाखाली लिहितंही. पूर्ण डिस्क वाचवायची असेल तर लिनक्सचं डीडीरेस्क्यू, ते आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं, कुठवर आलो त्याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबून पुन्हा सुरू करता येतं. एसएसडी तर बरेचदा काही न सांगता एकदम जाते, आणि ट्रिममुळे, म्हणजे डिलीट झालेली जागा एसएसडी आतून पुसून टाकते त्यामुळे, डिलीट झालेल्या फाइल्स रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशाही फार कमी, म्हणून एसएसडीवाल्यांनी नंतर बघू म्हणू नये.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज बिटलॉकरची की लिहून घ्या, डिस्कची तब्येत बघा, व्हीम टाकून रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावर बूट होऊन बघा. मग पूर्ण कॉम्प्युटरचा पहिला बॅकअप, जमल्यास रात्री, यूएसबी ३ च्या पोर्टला लावून, यूएसबी २ मध्ये लावलं तर कितीतरी तास जातील. त्यानंतर डिस्क जोडली की बॅकअप आणि संपला की इजेक्ट असं सेटिंग, आणि आठवड्यातून निदान दोनदा डिस्क जोडायची. दुसऱ्या पेनड्राइव्हवर रेस्क्यूझिला, एक सुटी इमेज. पुढेमागे व्हीम सोडून दुसरं काही घेतलंत तर जुन्या इमेज जोवर ठेवायच्यात तोवर त्यांचा रिकव्हरी पेनड्राइव्ह आणि त्या वेळच्या आवृत्तीची इन्स्टॉलची फाइल त्याच डिस्कवर जपून ठेवा, कारण एका कंपनीची इमेज दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला सहसा उघडता येत नाही.